सागवानाची सायकल आणि एक लोखंडी नळी

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरातील मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या परड्यात मी एक लाकडी सायकल तयार केली. भेटणारा प्रत्येक जण लाकूड कोणते, ते मोडणार नाही का, पावसात कुजणार नाही का, एवढेच विचारतो. त्या लाकडाने मला फारसा त्रास दिला नाही. माझे सहा महिने खाल्ले ते पायडलचा एक्सल ज्या नळीत बसतो, त्या ६८ मिलिमीटर लांबीच्या लोखंडी नळीने.

१८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल द्राईस यांनी जी पहिली दुचाकी चालवली, ती प्रामुख्याने लाकडाचीच होती. तिला पायडल नव्हते, स्वार जमिनीवर पाय मारत पुढे जात असे. पायडल नसल्यामुळे ते सुटले, असे आता मला गमतीने वाटते.

सुरुवात आराखड्यापासून केली. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर सायकल पूर्ण मापाने रेखाटली. घरात पडून असलेल्या जुन्या सायकलची चाके, हँडल, गिअर आणि पुढचे चाक धरणारा पोलादी चिमटा वापरायचा असल्याने बरीच मापे आधीच ठरलेली होती: मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटर, सीटच्या नळीचा कोन ७३ अंश, पुढच्या, हँडलच्या नळीचा कोन ७२ अंश. चिमटा लाकडाचा करण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला. फ्रेमला तडा गेला तर सायकल बहुधा आवाज करून सूचना देते. चिमटा मोडला तर माणूस थेट तोंडावर पडतो.

लाकूड मिळाले ते पाडलेल्या एका जुन्या घराच्या तुळईचे. कित्येक दशके छपराखाली वाळलेले सागवान सरळ रेषांचे आणि स्थिर असते, नव्या लाकडासारखे ते पिळत नाही. मात्र त्यात खिळे दडलेले असतात. आधी लोहचुंबक फिरवूनही एक खिळा राहिलाच आणि रंध्याच्या पात्याला खाच पडली. प्रत्येक दांडी मी दोन अर्ध्या भागांत केली, आतून कोरून पोकळ केली आणि मग दोन्ही भाग इपॉक्सी या पक्क्या चिकटद्रव्याने जोडले. सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे जोडण्यापूर्वी पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून लगेच चिकटवावा लागतो. ही गोष्ट मी दोन तुकडे वाया घालवून शिकलो. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या वक्र दांड्यांसाठी, बैलगाडीच्या चाकांचे लाकूड म्हणून, बाभूळ वापरली. तीन मिलिमीटर जाडीच्या सहा पट्ट्या साच्यावर वाकवून, मध्ये इपॉक्सी घालून, जमतील तेवढे शिकंजे आवळून त्या रात्रभर ठेवल्या. ते शिकंजे ज्यांच्याकडून उसने आणले, ते शेजारचे सुतारमामा येऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, सायकल करालाय की पलंग?"

आता त्या नळीकडे येतो. शिवाजी उद्यमनगरातील एका टर्नरने ती लेथवर करून दिली. आटे इंचाला २४. उजव्या बाजूचे उलटे, डाव्या बाजूचे सुलटे. पायडल मारताना उजवा कप, म्हणजे एक्सलला आधार देणारी आट्यांची वाटी, सैल होऊ नये म्हणून ही योजना असते आणि ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. "बाहेरून नर्लिंग मारून देऊ का?" असे त्यांनी विचारले होते; म्हणजे पकड बसावी म्हणून नळीवर बारीक खरखरीत खाचा पाडणे. इपॉक्सी एवढी घट्ट बसते की गरज नाही, असे मी ऐटीत सांगितले आणि गुळगुळीत नळी तशीच लाकडात चिकटवली. सांगाड्याला सिमेंटची दोन पोती, म्हणजे शंभर किलो, रात्रभर टांगून पाहिली. सांगाडा जेमतेम दोन मिलिमीटर झुकला. मार्चमध्ये पहाटे रंकाळ्याच्या काठाने पहिली फेरी झाली, तेव्हा सायकल मुकी होती.

जुलैत ती बोलू लागली. उजवा पाय खाली गेला की 'कर्र', डावा गेला की पुन्हा 'कर्र'. चेन उतरवली, पायडल बदलले, सीट काढून उभ्याने चालवून पाहिले. आवाज गेला नाही. शेवटी क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरून आडवा हलवला, तेव्हा नळीच्या कडेशी केसाएवढी फट उघडझाप करताना दिसली. कारण परड्यातल्याच एका फळीने सांगितले. मार्चमध्ये बरोबर १०० मिलिमीटर रुंद असलेला रंग न दिलेला तुकडा जुलैत जवळजवळ १०१ भरला. लाकूड दमट हवेत आडवे फुगते, लांबीत मात्र जवळजवळ वाढत नाही आणि लोखंडाला तर दमटपणाचे सोयरसुतकच नसते. या ओढाताणीत, वर पायांचे धक्के बसत असताना, गुळगुळीत लोखंडावरची इपॉक्सीची पकड सुटली होती.

हॉट एअर गनने नळी तापवली, तशी इपॉक्सी नरम पडली आणि लाकडी ठोकळ्याच्या ठोक्याने नळी बाहेर आली. पुन्हा उद्यमनगर गाठले. या वेळी नर्लिंग केलेली, दोन्ही टोकांना चार मिलिमीटर जाड चकत्या असलेली नळी करून घेतली. एक चकती वेल्ड केलेली, दुसरी नंतर बसणारी, आणि दोन्हींतून लाकडात आरपार जाणारे सहा मिलिमीटरचे चार बोल्ट. एकूण रुंदी ६८ च राहावी म्हणून त्या जागचे लाकूड दोन्हीकडून तासून ६० वर आणले. टर्नरने हसून "आता मारू ना नर्लिंग?" एवढेच विचारले.

उघड्या पडलेल्या प्रत्येक कडेला, बोल्टच्या छिद्रांच्या आतूनसुद्धा, पातळ इपॉक्सीचे दोन हात दिले. पहिल्या वेळी कडा मी कोरड्याच सोडल्या होत्या. पुढचा पावसाळा सायकलने न कुरकुरता काढला. ऑक्टोबरमध्ये मी तिच्यावरून पन्हाळा चढलो. परत आल्यावर पाना घेऊन चारही बोल्ट तपासले. तीन जागचे हलले नव्हते, चौथा पाव फेरा फिरला.