लांडगामाणूस पुढे, संवाद मागे

त्या दिवशी टेबलावर आलेला सिनेमा होता १९७१ चा ‘ला नोचे दे वाल्पुर्गिस’. दिग्दर्शक लेओन क्लिमोव्स्की, मूळचा ब्युनोस आयर्सचा दंतवैद्य. नायक पॉल नाशी, म्हणजे माद्रिदचा वेटलिफ्टर हासिन्तो मोलिना. जर्मन वितरकांना पोस्टरवर परदेशी वाटेल असं नाव हवं होतं, म्हणून हे नाव. स्पॅनिश संवादांवरून मराठी सबटायटलं करायची होती. सोबत इंग्रजी सबटायटलांची तयार फाइल आली होती. वेळा तिच्यातूनच घ्या, अशी सूचना.

सुरुवात शवविच्छेदनाने होते. पौर्णिमेची रात्र, टेबलावर नायक वाल्देमार दानिन्स्कीचं प्रेत; हा पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस. लांडगामाणूस वगैरे सगळं थोतांड, असं म्हणत डॉक्टर त्याच्या छातीतल्या चांदीच्या गोळ्या काढतो आणि प्रेत उठतं. इथे वाक्य अर्धा सेकंद जरी उशिरा आलं तरी दृश्य पडतं, कारण सगळी गंमत थट्टा आणि हल्ला यांच्यातल्या अंतरात आहे. माझ्या पडद्यावर हल्ला झाल्यावर थट्टा उमटत होती.

असं दिसलं की पहिल्यांदा सगळी फाइल मागेपुढे सरकवायचा मोह होतो. तो आवरावा. आधी तीन ठिकाणी फरक मोजायचा: सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटच्या संवादाला. फरक सगळीकडे सारखा असेल तर सरकवून भागतं. माझ्याकडे तो वाढत होता, दहाव्या मिनिटाला २४ सेकंद, विसाव्याला ४८. हा आकडा ओळखीचा आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, युरोपातल्या टीव्हीसाठी तो २५ ने पळवला जातो, त्यामुळे मूळचं एक मिनिट ५७.६ सेकंदांत संपतं. माझा सिनेमा २५ चा होता, फाइल २४ ची. ८५ मिनिटांच्या संवादांना शेवटी ३ मिनिटं २४ सेकंदांचा फरक पडतो. उपाय सोपा: प्रत्येक वेळेला ०.९६ ने गुणायचं. कानही हे सांगतो. पळवलेल्या आवाजाचा सूर साधारण पाऊण सेमिटोन (सेमिटोन म्हणजे अर्धा स्वर) चढतो आणि दानिन्स्कीच्या आवाजातला थकवा नाहीसा होतो. म्हणून पर्याय असेल तर सिनेमा २४ च्या वेगातलाच मागवावा. त्या दिवशी तो पर्याय नव्हता.

गुणाकारानंतर पहिला भाग चपखल बसला. मग एका जागी अचानक नऊ सेकंदांची उडी, आणि पुढे शेवटपर्यंत तेवढीच. एका जागी उडी आली की वेग नव्हे, कापाकापी. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या काळात अशा सिनेमांतली काही दृश्यं दोनदा चित्रित होत: स्पेनसाठी अंगभर कपड्यांत, निर्यातीसाठी उघडी. लांबीही वेगळी व्हायची, आणि मग परदेशी वितरक आपली कात्री चालवायचे. उडी नेमकी कुठे आहे हे शोधायला सिनेमा निम्म्यावर तपासायचा, मग उरलेल्याच्या निम्म्यावर. पाच-सहा खेपांत आपण त्या कटच्या जवळ पोहोचतो. तिथे फाइल तोडायची आणि पुढचाच भाग सरकवायचा.

सेन्सॉरचा हात नायकाच्या जन्मापर्यंत पोचलेला आहे. स्पेनमध्ये लांडगामाणूस असूच शकत नाही, अशी भूमिका घेतल्याने १९६८ च्या ‘ला मार्का देल ओम्ब्रे लोबो’ या दानिन्स्कीच्या पहिल्या सिनेमातच तो पोलंडचा झाला. आणि हे त्याच स्पेनमध्ये, जिथे १८५३ साली गालिसियातल्या मानुएल ब्लांको रोमासान्तावर खटला चालला होता. खून आपण लांडगा होऊन केले असं तो सांगत होता.

मग शब्द. ‘ओम्ब्रे लोबो’मध्ये माणूस आधी, लांडगा नंतर, पण स्पॅनिशमध्ये मुख्य शब्द पहिला असतो. मराठी समासात मुख्य पद शेवटी, म्हणून ‘लांडगामाणूस’. ‘वृकमानव’ पौराणिक वाटतो आणि ‘नरभक्षक लांडगा’ सरळ चूक. दानिन्स्की मुळात माणूसच आहे. शाप उतरावा म्हणून तो मरण मागतो, आणि ते त्याच्यावर प्रेम करणाऱ्या बाईच्या हातून, चांदीनेच यावं लागतं. दुसरं, इंग्रजी फाइलवरून मराठी करू नये. इंग्रजीत सगळे ‘यू’. स्पॅनिशमध्ये ‘उस्तेद’ आणि ‘तू’, आणि त्या ‘तू’चा उच्चार आपल्या ‘तू’सारखाच. पात्रं अहो-जाहोवरून अरे-तुरेवर कधी येतात ते मूळ आवाजातच कळतं.

पिशाच्चं झालेल्या बायका धुक्यातून संथ गतीत तरंगत येतात, तिथे लिहिण्यासारखं काही नसतं. काउंटेस वान्देसा झालेली पॅटी शेपर्ड फक्त हसते. ‘[गूढ संगीत]’ घालायचा आग्रह होता, मी घातलं नाही. ऐकू न येणाऱ्यांसाठी वेगळी फाइल करायची असते, तिथे ते हवंच. इथे मात्र पांढरी अक्षरं पांढऱ्या धुक्यात विरतात आणि चेहराही झाकतात. जिथे संवाद आहे तिथे दोन पिक्सेलची काळी किनार दिली, एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, दोनच ओळी आणि कटच्या दोन फ्रेम आधी मजकूर साफ.

रात्री पूर्ण सिनेमा न थांबवता पाहिला. डॉक्टरची थट्टा संपली, पडदा मोकळा झाला आणि मगच दानिन्स्कीचा हात हलला.