वर्तमानकाळाचे उपयोग लिहा (गुण ५)

हा प्रश्न आमच्या वेळी सहामाहीला हमखास यायचा. सूर्य पूर्वेला उगवतो; समर्थ म्हणतात; तुम्ही व्हा पुढे, मी येतोच. एवढं लिहिलं की गुण पदरात पडायचे. पुढे विद्यापीठात प्राचीन ग्रीक घेतली, तेव्हा हीच शिदोरी उघडावी लागली.

ग्रीकमध्ये ‘लिहितो’ आणि ‘लिहीत आहे’ यांना एकच रूप, ‘ग्राफो’. कोणतं ते संदर्भावरून ओळखायचं. ‘पालाइ’ म्हणजे फार पूर्वीपासून, आणि त्याच्यासोबत क्रियापद चक्क वर्तमानकाळी. इंग्रजीत विचार करणारा इथे अडखळतो. आपण मात्र ‘मी कधीचा सांगतोय’ असं घरी रोज म्हणतो. ‘दिदोसि’ म्हणजे ‘देतो’, पण कधी कधी नुसतं देऊ करतो. ‘तो देतोय, मीच घेत नाही’ हे कोणत्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागेल? मला अडलं ते ‘हेको’. रूप वर्तमानाचं, अर्थ ‘आलो आहे’. युरिपिडीसच्या ‘बाखाय’ नाटकाचा पहिला शब्दच हा, देव दिओनिससच्या तोंडी.

खरी मजा ग्रीक लेखक झेनोफोनच्या ‘अनाबासिस’मध्ये. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र धाकट्या सायरसने राजा असलेल्या सख्ख्या भावावर काढलेल्या मोहिमेची ही हकीकत. सुरुवातच अशी: दारियस (इराणचा राजा) आणि पारिसातिस (त्याची राणी) यांना दोन मुलगे होतात. ‘झाले’ नव्हे, ‘होतात’. मग राजा आजारी होता, दोन्ही मुलं जवळ असावीत असं त्याला वाटत होतं, हे सगळं अपूर्ण भूतकाळात. आणि लगेच तो सायरसला बोलावून घेतो. सायरस येतो. राजाच्या मृत्यूनंतर तिस्साफेर्नेस हा सुभेदार थोरल्या भावाचे कान भरतो, भाऊ सायरसला पकडतो, आई रदबदली करून त्याला सोडवते. पार्श्वभूमी भूतकाळात, वळणं वर्तमानात.

प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहावा म्हणून असं लिहितात, हे ठरलेलं उत्तर मला अर्धंच पटतं. ‘दोन मुलगे होतात’ यात डोळ्यांसमोर काय उभं राहणार? ती वंशावळीतली नोंद आहे. आमचे इतिहासाचे सर ‘खान मिठी मारतो’ म्हणायचे आणि वर्ग चिडीचूप व्हायचा, तो वर्तमानकाळ निराळा.

संस्कृतच्या बाईंनी ‘वसति स्म’ घोकून घेतलं होतं: ‘वसति’ म्हणजे राहतो, पुढे ‘स्म’ लागला की राहत होता. झेनोफोनला ‘स्म’सारखी खूणही लागत नाही. होमरच्या महाकाव्यांत मात्र घडून गेलेलं वर्तमानकाळात सांगण्याचा हा प्रयोग आढळत नाही. तो फोफावला नंतरच्या गद्यात आणि नाटकांत.