वडिलांची हॅट माझ्या डोक्याला बसवताना

वडिलांच्या पश्चात त्यांची तपकिरी लोकरी फेल्टची हॅट माझ्याकडे आली. ती कपाटात जपून न ठेवता रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला जाताना वापरायची, असे मी ठरवले होते. मात्र ती मला घट्ट होत असे आणि अर्ध्या तासात कपाळावर लाल वळ उमटत असे. शिंप्याची टेप कानांच्या किंचित वरून कपाळाच्या मध्यावर फिरवून मोजले, तेव्हा माझ्या डोक्याचा घेर ५७ सेंटीमीटर भरला आणि हॅटचा आतला घेर ५६. एका सेंटीमीटरचा प्रश्न होता, आणि वाफेने मऊ झालेली लोकर तेवढी ताणली जाते.

सांगलीच्या बाजारातील एका दुकानाने हे काम घेतले, आठ दिवस हॅट ठेवून घेतली आणि गोल साच्यावर ताणून परत दिली. ती कपाळाला पूर्वीसारखीच रुतत होती. शिवाय आता कानांवर सैल झाली होती. मी परत गेलो तेव्हा त्यांनी माझ्यासमोर टेप लावून ५७ सेंटीमीटर दाखवले आणि माप बरोबर असताना तक्रार कसली, असे विचारले. माप खरोखरच बरोबर होते, त्यामुळे मला उत्तर देता आले नाही. त्या निरुत्तर होण्याचा राग आजही गेलेला नाही.

घरी आल्यावर मीही तीच चूक केली. पातेल्यात पाणी उकळून हॅटला वाफ दिली आणि ती १८ सेंटीमीटर व्यासाच्या स्टीलच्या डब्यावर चढवून ठेवली. परिणाम तोच झाला. दोन दिवस मी हॅट घालून आणि काढून पाहत होतो, तेव्हा कुठे लक्षात आले की दोष घेरात नसून आकारात आहे. डबा गोल असतो, डोके लांबट असते. माझे डोके कपाळापासून मागपर्यंत सुमारे २० सेंटीमीटर आणि दोन्ही कानांमध्ये सुमारे १६ सेंटीमीटर आहे. ५७ सेंटीमीटर घेराच्या वर्तुळाचा व्यास मात्र सगळीकडे जेमतेम १८ असतो. म्हणजे समोर-मागे दोन सेंटीमीटर कमी पडणार आणि बाजूंना दोन सेंटीमीटर मोकळे राहणार. हे त्या दुकानात सुचले असते, तर मला गप्प बसावे लागले नसते.

मग घराच्या वायरिंगमधील जाड तांब्याची तार डोक्याभोवती वाकवून, तिचा आकार बिघडू न देता कागदावर ठेवली आणि आतल्या बाजूने रेघ मारली. त्या आकाराच्या दोन अर्ध्या फळ्या आमच्या गल्लीतल्या सुताराने दोन सेंटीमीटर जाडीच्या लाकडातून कापून दिल्या आणि मधे ठोकायला एक पाचरही दिली. कडा काचकागदाने घासणे आवश्यक आहे, अन्यथा हॅटच्या आतल्या चामड्याच्या पट्टीवर चरे पडतात.

वाफ देण्यापूर्वी आतली चामड्याची पट्टी बाहेर उलटून घ्यावी, कारण थेट वाफेने चामडे आकसते आणि कडक होते. पातेल्यापासून वीतभर अंतर ठेवून हॅट अर्धा-पाऊण मिनिट फिरवावी. फेल्ट हाताला नरम लागली की थांबावे. पट्टी आत घेऊन, ओल्या फडक्याने किंचित दमट करून फळ्या बसवाव्यात आणि पाचर हलक्या हाताने ठोकावी. बाहेरची फीत ताणली जाऊन तिचे टाके कुरकुरू लागले, तर तिथेच थांबणे योग्य. वाळवण्यासाठी हेअर ड्रायर किंवा ऊन वापरू नये, कारण लोकर पुन्हा आटते. श्रावणातल्या दमट हवेत माझ्या हॅटला पंख्याखाली दोन रात्री आणि एक दिवस लागला, आणि त्या काळात पाचर न काढण्यासाठी मला स्वतःला बरेच आवरावे लागले.

तिसऱ्या सकाळी घाटावरून आयर्विन पुलापर्यंत जाऊन आलो. पुलावर वारा होता, तरी हॅटला एकदाही हात लावावा लागला नाही आणि घरी आरशात पाहिले तेव्हा कपाळावर वळ नव्हता.

धाकट्या भावालाही ती हॅट कधीतरी घालायची असते. त्याचे डोके लहान असल्याने चामड्याच्या पट्टीमागे, दोन्ही कानांच्या बाजूंना, जाड तपकिरी कागदाच्या बोटभर रुंद घड्या सरकवतो; माझी पाळी आली की त्या काढून घेतो.