ऑल्टरनेटच्या यादीतून मुख्य ड्रॉमध्ये : माझा पात्रता फेरीचा अनुभव

व्यावसायिक महिला टेनिसची पहिली पायरी म्हणजे आयटीएफची (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची) डब्ल्यू१५ स्पर्धा. एकूण बक्षीस १५,००० डॉलर, विजेतीला डब्ल्यूटीएचे, म्हणजे महिला व्यावसायिक टेनिस संघटनेच्या क्रमवारीचे, १५ गुण. मुख्य ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याचा तक्ता, ३२ जणींचा आणि त्यातल्या ८ जागा पात्रता फेरीतून येणाऱ्यांसाठी. अहमदाबादच्या अशाच एका स्पर्धेत मी त्या आठांत पोचले. पुण्यात माझ्या कोर्टवर येणाऱ्या ज्युनिअर मुली आणि त्यांचे आईबाबा त्याबद्दल सारखे विचारतात. त्यांना फोरहँडपेक्षा यादीची काळजी जास्त असते, आणि ते बरोबरच आहे.

आधी आयटीएफचा आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, काढायचा, मग ऑनलाइन नाव द्यायचं. मुदत संपते स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी, आपल्या घड्याळात संध्याकाळी साडेसातला. एक मिनिट उशीर झाला तरी तो आठवडा गेला. मग यादी लागते. वर मुख्य ड्रॉ, त्याखाली पात्रता, त्याखाली ऑल्टरनेट, म्हणजे जागा रिकामी झाली तर आत येणाऱ्या राखीव मुली. आधी डब्ल्यूटीए क्रमवारी असलेल्या, मग आयटीएफची स्वतःची क्रमवारी असलेल्या, त्यानंतर आपापल्या देशाच्या क्रमवारीवर आलेल्या. माझ्याकडे फक्त एआयटीएची (अखिल भारतीय टेनिस संघटनेची) क्रमवारी होती, त्यामुळे नाव ऑल्टरनेटमध्ये, तेही बरंच खाली.

तिथे नाव दिसलं की मुली खचतात. खचू नका. एकाच आठवड्यासाठी खेळाडू अनेक देशांत नावं देऊन ठेवतात. पुढच्या मंगळवारी माघारीची मुदत संपते तेव्हा जिला जिथे जायचंय तिथलं नाव राहतं, बाकीची निघतात आणि यादी भराभर वर सरकते. त्यानंतरही कुणी दुखापतीने गळतं, कुणाचा व्हिसा अडकतो. मी रोज सकाळी उठून आधी यादी बघायचे. बाबांनी अहिंसा एक्सप्रेसचं तिकीट यादी हलायच्या आधीच काढून ठेवलं होतं. नाव नाही लागलं तर रद्द करू, पण ऐनवेळी बर्थ मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तिकीट रद्द करावं लागलं नाही.

पात्रता फेरीच्या आदल्या संध्याकाळी साइन-इन असतं. ठरलेल्या वेळेत स्वतः हजर राहून सही करायची. सही नसेल तर यादीतलं नाव काही कामाचं नाही. ऑल्टरनेट मुलीही तिथे येऊन थांबतात, कारण कुणी आलं नाही तर जागा त्यांना मिळते. सह्या संपल्यावर ड्रॉ निघतो. म्हणजे उद्या सकाळी कुणाशी खेळायचं ते रात्री कळतं. माझ्या प्रशिक्षक सरांचं सांगणं होतं की तिचे व्हिडिओ शोधत बसू नकोस, रॅकेटचं गटिंग (तारा) बघ, जेव, झोप. कोर्टवरच्या गटिंगवाल्याकडे त्या संध्याकाळी रांग लागते, म्हणून दोन्ही रॅकेट मी पुण्यातूनच करून नेल्या होत्या.

आता मुद्द्याची गोष्ट. या पातळीवर पात्रता फेरीत तिसरा सेट नसतो. एक-एक सेट झाला की थेट १० गुणांचा सुपर टायब्रेक. किमान दोनच्या फरकाने जी आधी १० गुण करेल ती जिंकली. माझ्या पहिल्या सामन्यात थायलंडची मुलगी होती, डावखुरी. पहिला सेट मी घेतला, दुसरा तिने अगदी सहज. सामन्याला चेअर अंपायरही नव्हता. रेषेचा निर्णय ज्या-त्या खेळाडूने द्यायचा आणि दोन-तीन कोर्टांवर मिळून एक अधिकारी फिरत असतो. चेंडू आणि रेषेत जागा स्पष्ट दिसली तरच आउट म्हणायचं, शंका असेल तर आत. टायब्रेकमध्ये ७-७ वर तिचा चेंडू माझ्या बेसलाइनपाशी पडला. मला खात्री नव्हती, मी खेळत राहिले आणि तो गुण गेला. ७-८. पुढचे तिन्ही गुण मात्र मी तिच्या बॅकहँडलाच खेळत राहून मिळवले. टायब्रेकमध्ये नवीन काही करून बघायला वेळच नसतो, सामन्यात जे चाललंय तेच आणखी धीराने करायचं.

जिंकूनही मला तिसऱ्या सेटऐवजी टायब्रेकचा हा नियम पटलेला नाही. ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत तीन फेऱ्या असतात आणि तिसरा सेट पूर्ण खेळायला मिळतो. २०२१ मध्ये एमा रादुकानू तिथूनच आली, पात्रतेपासून अंतिम सामन्यापर्यंत दहा सामने एकही सेट न गमावता जिंकली आणि यूएस ओपनची विजेती झाली. डब्ल्यू१५ पेक्षा बऱ्याच वरच्या पातळीच्या, मुंबईच्या डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेत २०२५ मध्ये कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रतेतून उपांत्य फेरीत गेली. पात्रतेतल्या मुली कमी तयारीच्या नसतात. स्वतःच्या खर्चाने आलेल्या मुलीला हरायचं तर पूर्ण तीन सेट खेळून हरता यावं. कोर्ट कमी आणि दिवस कमी हे कारण मला माहीत आहे, तरीही.

दुसरा सामना सरळ दोन सेटमध्ये संपला, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. ऊन मात्र कडक होतं आणि पाण्यात मीठ-साखर घालून ती बाटली दर वेळी बाजू बदलताना प्यायले, त्याचा उपयोग झाला.

मुख्य ड्रॉमध्ये पात्रतेच्या जागा चिठ्ठीने ठरतात. मला मानांकित खेळाडू आली आणि मी पहिल्याच फेरीत हरले. डब्ल्यूटीएचा गुण मिळायला तिथे किमान एक सामना जिंकावा लागतो, आणि क्रमवारीत नाव यायला तीन स्पर्धांत गुण किंवा एकूण १० गुण लागतात. ते अजून दूर आहे. पण पात्रता पार केल्याचे आयटीएफच्या क्रमवारीतले गुण माझ्या नावावर लागले. पुढच्या गुरुवारी साडेसातनंतर यादी उघडली, तेव्हा माझं नाव ऑल्टरनेटमध्ये नव्हतं, थेट पात्रतेच्या यादीत होतं.