वस्तीतली पहिली डबी

२०२३ च्या जूनमध्ये मी बँकेतून निवृत्त झाले आणि महिन्याभरात पुण्यातल्या पर्वती पायथ्याजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात जायला लागले. दोन खोल्या, बाहेर बाकडं, वीस रुपयांचा केसपेपर. मला वाटलं होतं, हिशेबाची सवय आहे म्हणून टेबलाशी बसवतील. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केसपेपर काढायला माणूस आहे. जे दवाखान्यापर्यंत येतच नाहीत त्यांच्याकडे जायला माणूस नाही. तुम्ही जाल का?"

दोन शनिवार टीबीची शिकवणी झाली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, कमी होत चाललेलं वजन, रात्री येणारा घाम, यातलं काही असेल तर थुंकीची तपासणी. माहिती सोपी होती, मी वहीत नीट उतरून घेतली. टीबी बरा होतो, तपासणी फुकट, औषध फुकट. आता हे लोकांना सांगायचं, एवढंच काम असं मी धरून चालले होते.

पहिल्याच आठवड्यात वस्तीतल्या एका दारात उभी राहून मी मोठ्या आवाजात विचारलं, "घरात कुणाला टीबीचा त्रास?" गल्ली हातभर रुंद. समोरच्या दारात दोघीजणी भाजी निवडत होत्या. आतल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्या ओळीतलं एकही दार माझ्यासाठी नीट उघडलं नाही. माझ्याबरोबरच्या आशाताई वस्तीतच राहणाऱ्या. परत उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "काकू, इथं भिंती पत्र्याच्या आहेत."

त्या रात्री मला थोरल्या आत्याची आठवण झाली. ती मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये होती. आम्हा मुलांना सांगितलं होतं की आत्या हवापालटाला गेली आहे. ती परत आली तेव्हा तिचं ताट-वाटी-भांडं वेगळ्या फडताळात ठेवलेलं असे, आणि धाकट्या आत्याचं लग्न ठरेपर्यंत घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. सदाशिव पेठेतलं, शिकलेलं घर आमचं. वस्तीतल्या बाईनं दार लावलं ते अडाणीपणामुळे, असं मला आता म्हणता येईना. आमच्या घरानं तर ते दार वर्षानुवर्षं लावून ठेवलं होतं.

मग मी पद्धत बदलली. दिवसा जाणं सोडलं, कारण बायका धुण्याभांड्यांच्या कामावर असतात. रात्री आठनंतर, नळाचं पाणी भरून झालं की जायचं. दारात आजाराचं नाव काढायचं नाही. आधी वजन आणि बीपी. वजनकाटा पिशवीत घेऊन गेलं की पोरंसोरं आधी उभी राहतात, मग त्यांच्या आया. आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं. कमी झालेलं वजन बाई स्वतःच बोलून दाखवते. पावसाळा आणि दिवाळी यात गेली. या चार महिन्यांत मी थुंकीच्या नमुन्याची एकही डबी दिली नाही, पण मला या कामाचा सगळ्यात उपयोगी भाग हाच वाटतो.

वजन घटलेली एक बाई लक्षात आली ती डिसेंबरमध्ये. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) पंचविशीची, तीन घरची कामं, चार वर्षांचा मुलगा. ऑक्टोबरमध्ये ४३ किलो होती, डिसेंबरात ३८. मी आकडा वाचला तशी तीच हळू आवाजात म्हणाली, "ताई, खोकला पण जाईना. पण इथं नका बोलू." मी म्हटलं, "बरं, उद्या कामावरून येताना दवाखान्यात ये. बीपीला आलीस असंच सांग." ती आली दहा दिवसांनी.

डबी देताना आपण समजावतो तेवढं ते सोपं नसतं. दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथे आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या, कारण रात्रभर छातीत साठलेला कफ तेव्हा सुटतो. तिची पहिली डबी प्रयोगशाळेनं परत पाठवली. आत नुसती फेसाळ लाळ. थुंकी म्हटलं की माणूस थुंकतो, त्यात त्याची चूक काय! तेव्हापासून मी 'थुंकी' हा शब्द वापरतच नाही. सरळ सांगते, बेडका पाहिजे. साध्या पाण्यानं चूळ भर, दोन-तीनदा खोल श्वास घे, शेवटचा जरा धरून ठेव आणि छातीतून खाकर.

पण खाकरायचं कुठं? दहा बाय दहाची खोली, मुलगा झोपलेला, पत्र्यापलीकडे जाऊबाई. सार्वजनिक संडासाशी पहाटेपासून रांग. मोकळ्या हवेत काढलेलंच चांगलं, म्हणजे दुसऱ्याला लागण होण्याची भीती कमी. शेवटी तिनंच सांगितलं, शेवटच्या ओळीच्या मागे टेकडीचा उतार आहे, साडेपाचला तिथं कुणी नसतं. जानेवारीची थंडी होती. ती शाल गुंडाळून वर गेली, मी खालच्या पायरीवर पाठमोरी बसून राहिले. बराच वेळ नुसता कोरडा खोकला ऐकू येत होता, मग एकदम खोलवरून आलेला. खाली आली तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि डबीच्या तळाशी पिवळसर, घट्ट असा चमचाभर बेडका. झाकण घट्ट आहे ना, हे तिनं दोनदा पाहिलं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. औषधाला साथ देणारा साधा टीबी, एवढं बरं. सरकारी केंद्रात निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद झाली. वजनाप्रमाणे रोज तीन गोळ्या. लघवी नारिंगी होईल, ते रक्त नव्हे, गोळीचा रंग आहे, हे आशाताईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. मुलाची तपासणी झाली, त्याला आजार नव्हता. पाच वर्षांच्या आतला म्हणून त्याला सहा महिन्यांची प्रतिबंधक गोळी सुरू केली. नवऱ्याला मात्र तिनं मला सांगू दिलं नाही. स्वतःच सांगितलं, तेही तीन आठवड्यांनी.

माझ्या बँकेतल्या वर्षांचा उपयोग झाला तो सरकारकडून टीबी रुग्णाला मिळणाऱ्या पोषण आहाराच्या पैशांसाठी. तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. तिचं खातं माहेरच्या गावचं, माहेरच्या नावानं, आणि आधारवर सासरचं नाव. जोडणी होईना. बँकेच्या दोन फेऱ्यांत तिचे दोन खाडे पडले. जी बाई एका खाड्याला घाबरते तिला आपण "उद्या या" म्हणतो, हे मी काउंटरच्या आत बसून कितीतरी वेळा केलेलं आहे. या बाजूला उभं राहिल्यावर मला त्याचं फार वाईट वाटलं.

मार्चमध्ये दोन अडचणी एकदम आल्या. तिला बरं वाटायला लागलं, खोकला गेला, भूक आली, आणि गोळ्यांनी मळमळ होते म्हणून तिनं चार दिवस त्या घेतल्याच नाहीत. आणि नेमक्या त्याच वेळी गोळ्यांचा तुटवडा. केंद्रात महिन्याच्या जागी आठवड्याच्या गोळ्या मिळायला लागल्या. ज्या रुग्णाला आम्ही एक दिवस चुकवू नको म्हणून बजावतो त्याला औषध हातात देताना मोजून द्यावं लागतं, याचा मला आजही राग येतो. दर आठवड्याची फेरी तिला जमणारी नव्हती, म्हणून आशाताई आणि मी आळीपाळीनं गोळ्या आणत होतो. मळमळीचं डॉक्टरीणबाईंनी बघितलं. गोळ्यांची वेळ ठरवून दिली, जोडीला एक गोळी दिली. मी रोज रात्री फोन करायचे. "घेतल्या का?" नाही विचारलं कधी. "मुलगा जेवला का?" विचारायचे. ती म्हणायची, "जेवला, आणि मी पण घेतल्या."

दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासला, जंतू नव्हते. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. जुलैअखेर कोर्स संपला. काट्यावर ४६ भरली. चप्पल काढून पुन्हा उभी राहिली, तरी ४६ च.

वहीत तिच्या नावापुढे 'उपचार पूर्ण' लिहिलं. त्याच पानावर वरच्या ओळीतला एक रिक्षावाला आहे. डबी नेऊन दीड महिना झाला, दोनदा गेले तर घराला कुलूप. आशाताईंनी काल शोधून काढलं की तो रात्रपाळी करतो आणि पहाटे सहाला रिक्षा स्टँडवर चहाला थांबतो. उद्या वजनकाटा घेऊन तिकडे जाणार आहे.