बेलीझच्या गुहांमधून ट्यूबवर: क्रूझवरून उतरणाऱ्यांसाठी

टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून पश्चिम कॅरिबियनची क्रूझ घेतली की मेक्सिकोचं कोझुमेल, होंडुरासचं रोआतान आणि मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाचं बेलीझ सिटी ही नावं बऱ्याच वेळापत्रकांत दिसतात. कोझुमेलला काय करायचं ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. बेलीझला मात्र 'छोट्या बोटीने जावं लागतं, कोण कटकट करणार' म्हणून पुष्कळ जण जहाजावरच लोळत बसतात. मला हे अजिबात पटत नाही. क्रूझमध्ये एकाच बंदरावर पैसे आणि ताकद खर्च करायची असेल तर ती बेलीझलाच करावी, आणि तिथेही दोन-तीन ठिकाणं न कोंबता एकच गोष्ट निवांत करावी: केव्ह्ज ब्रँच नदीच्या गुहांमधून हवा भरलेल्या मोठ्या रबरी ट्यूबवर बसून प्रवाहाबरोबर खाली येणं.

मी आणि माझा नवरा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत हे करून आलो. त्याला पोहता येत नाही. मला येतं, पण मिट्ट अंधाराची धास्ती वाटते. तरी आम्हा दोघांनाही हा दिवस फार आवडला, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी बोटीचं गणित, कारण सगळा दिवस त्यावर ठरतो. बेलीझ सिटीजवळचा समुद्र उथळ आहे आणि त्याच्या बाहेर प्रवाळांची लांबच लांब भिंत आहे (१९९६पासून ती जागतिक वारसा यादीत आहे). मोठं जहाज किनाऱ्याला लागूच शकत नाही. ते दूर नांगर टाकतं आणि स्थानिक वेगवान बोटी प्रवाशांना ने-आण करतात. बोटीत बसल्यापासून धक्क्यावर उतरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं धरा. खरा वेळ जातो तो बोटीचा नंबर लागण्यात. जहाजाच्या सहली घेतलेल्यांना आधी सोडतात, मग बाकीच्यांना नंबर वाटतात. हे नंबर कुठल्या मजल्यावर आणि किती वाजता मिळणार ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा आणि सकाळी नाश्त्याच्या आधी तिथे जाऊन उभे राहा. नाश्ता नंतरही मिळतो, पहिली बोट मिळत नाही.

सहल जहाजाची घ्यावी की परस्पर स्थानिक कंपनीची? आम्ही स्थानिक घेतली. पैसे बरेच कमी पडले आणि व्हॅनमध्ये मोजकीच माणसं होती. पण एक फरक नीट समजून घ्या. जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुम्ही परस्पर गेलात आणि वाटेत व्हॅन बंद पडली, तर जहाज जातं आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. शिवाय पाहायची वेळ जहाज सुटण्याची नव्हे, शेवटच्या बोटीची, आणि ती तास-दीड तास आधीची असते. त्यामुळे माझं मत असं: पहिल्या बोटीपासून शेवटच्या बोटीपर्यंत सात तास स्वच्छ मिळत असतील तर स्थानिक कंपनी घ्या, नाहीतर मुकाट्याने जहाजाची सहल घ्या. लहान मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर विचारसुद्धा करू नका, जहाजाचीच घ्या.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी घड्याळ सांभाळायचं. बेलीझमध्ये घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, वर्षभर एकच वेळ. नोव्हेंबरमध्ये आमची आणि त्यांची वेळ एकच होती, पण जून-जुलैत टेक्सासची वेळ तासभर पुढे असते. जहाज स्वतःच्या वेळेने चालतं, फोन मात्र किनाऱ्यावरचा टॉवर पकडून आपोआप बदलतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून हातात ठेवा.

धक्क्याबाहेर पडल्यावर व्हॅन शहरातून पश्चिमेला जॉर्ज प्राइस महामार्गाला लागली. सुरुवातीला उंच खांबांवर उभी असलेली लाकडी घरं, मग सपाट गवताळ रान आणि विरळ पाइन. वाटेत हॅटीव्हिल नावाचं गाव लागलं. १९६१च्या ऑक्टोबरअखेर हॅटी चक्रीवादळाने बेलीझ सिटीची दाणादाण उडवली तेव्हा बेघर झालेल्या लोकांची इथे वस्ती झाली, म्हणून हे नाव. त्याच वादळानंतर राजधानी समुद्रापासून आत हलवायचं ठरलं आणि १९७०मध्ये बेल्मोपान राजधानी झाली. आमचा गाईड हे सगळं अशा आपुलकीने सांगत होता की सव्वा तासाचा रस्ता कळलाच नाही. इथली राजभाषा इंग्रजी, कारण हा भाग पूर्वी ब्रिटिश होंडुरास होता, १९८१मध्ये स्वतंत्र झाला. पण गाईड आणि ड्रायव्हर आपसात क्रिओलमध्ये, म्हणजे इंग्रजीतून तयार झालेल्या इथल्या बोलीत, बोलायला लागले की आपल्याला काही म्हणता काही कळत नाही.

बेल्मोपानच्या अलीकडे, ३७व्या मैलाच्या आसपास, महामार्ग सोडून आत वळायचं. हिरव्या टेकड्या सुरू झाल्या की समजायचं चुनखडीचा प्रदेश आला. या गुहा जिथे आहेत ते नोहोच चेएन हे सरकारने राखलेलं पुरातत्त्व क्षेत्र आहे, त्यामुळे आत परवानाधारक गाईडशिवाय जाता येत नाही. तिथे कपडे बदलायला खोल्या आहेत. हेल्मेट, त्यावर दिवा, लाइफ जॅकेट आणि ट्यूब मिळते. नवऱ्याने जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले, मग गाईडने येऊन दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहिलं. ते हनुवटीपर्यंत सरकलं, तेव्हा त्याने पट्टे परत आवळले. तुमच्या गाईडने हे केलं नाही तर तुम्ही एकमेकांचं करा.

आदल्या रात्री डोंगरात पाऊस झाला होता. नदीचं पाणी गढूळ हिरवं आणि चांगलंच ओढीचं होतं. आम्हाला थोडा वेळ थांबवून ठेवलं, गाईड मंडळी काठावर जाऊन पाणी बघून आली आणि मग सोडलं. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं तर नदी बंद करतात, आणि ते कुणाच्या विनवण्यांनी उघडत नाहीत. हे फार बरं आहे. गुहेत पाणी वाढलं तर काठावर चढायला काठच नसतो.

मग ट्यूब खांद्याला अडकवून जंगलातून अर्धा-पाऊण तास चालायचं. सुरुवातीलाच नदी ओलांडावी लागते, दोर बांधलेला असतो, पाणी आम्हाला मांडीपर्यंत लागलं. वाट सपाट आहे पण मुळं आणि ओले दगड पुष्कळ. गाईडने दाखवलेल्या झाडांपैकी एक माझ्या डोक्यातून जात नाही. त्या माडासारख्या झाडाच्या खोडाला बोटभर लांबीचे काळे सुईसारखे काटे असतात आणि ते लागले की जखम चिघळते. पण त्याच्याच देठाच्या आतला मऊ भाग जखमेवर लावला की रक्त थांबतं, असं तिथले लोक पूर्वापार करत आले आहेत. म्हणून त्याला 'गिव्ह अँड टेक' म्हणतात. सूचना एवढीच की घसरलात तर आधारासाठी दिसेल ते झाड पकडू नका, आधी खोडाकडे बघा.

पाण्यात उतरल्यावर गाईड सगळ्यांची साखळी करतो. मागच्याने आपले पाय पुढच्याच्या काखेत द्यायचे आणि पुढच्याने ते दाबून धरायचे. मी नवऱ्याच्या मागे होते. पहिल्या गुहेच्या तोंडाशी उजेड हळूहळू हिरवा, मग करडा झाला आणि एका वळणावर संपलाच. त्यानंतर फक्त डोक्यावरच्या दिव्याचा गोल. तो जिथे फिरवाल तिथे छताला लोंबणारे लवणस्तंभ, काही माझ्या मनगटाएवढे, काही ट्रकएवढे रुंद पडदे. वटवाघळं छताच्या वाटीसारख्या खळग्यांत दाटीने बसलेली. थेंब पाण्यावर पडल्याचा आवाज लांबून येतो आणि कुठून ते कळत नाही.

मधोमध गाईडने सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितले. मला याचीच भीती होती. डोळे उघडे आहेत की मिटलेले हेही कळेना. नवऱ्याने माझे घोटे घट्ट दाबून धरले होते, पाणी ट्यूबखालून गार सरकत होतं, आणि थोड्या वेळाने माझा श्वास आपोआप शांत झाला. मग त्या अंधारातच गाईड बोलायला लागला. तो स्वतः माया वंशाचा. त्याच्या पूर्वजांसाठी गुहा म्हणजे शिबाल्बाचं, पाताळाचं दार. साधारण इ.स. २५० ते ९०० या काळात इथल्या गुहांमध्ये पुरोहित मशाली घेऊन येत, पावसाचा देव चाक याला नैवेद्य दाखवत, मडकी फोडून अर्पण करत. त्या मडक्यांचे तुकडे आजही कोरड्या कपारींमध्ये सापडतात. पाऊस पडला नाही तर मका नाही, म्हणून माणसं या अंधारात येत, हे ऐकताना आपण एका राइडवर बसलोय ही भावना पूर्ण गेली. म्हणूनच कळकळीने सांगते, आत गेल्यावर आरडाओरडा करू नका, लवणस्तंभांना हात लावू नका. हाताच्या तेलकटपणाने त्यांची वाढ थांबते. आमच्या मागून एक मोठा गट गाणी लावून आला आणि त्यांना यातलं काहीच मिळालं नाही, याचं मला वाईट वाटलं.

गुहेतून बाहेर पडल्यावर नदी उथळ होते आणि जोरात धावते. इथे गाईड ओरडतो तेव्हा कंबर ट्यूबच्या वर उचलायची, नाहीतर दगडांवर आपटते. एका धारेत आमची साखळी तुटली आणि नवऱ्याची ट्यूब गोल फिरत एकटीच पुढे गेली. "पाय पुढे! पाय पुढे ठेव!" मी मागून ओरडत होते. त्याने डोकं मागे टेकवलं, पाय प्रवाहाच्या दिशेने केले आणि उठून उभं राहायचा प्रयत्न अजिबात केला नाही. गाईडने काठाने धावत जाऊन पुढच्या वळणावर ट्यूबचा दोर पकडला. न पोहणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं: धारेत उभं राहू नका, पाय दगडात अडकला तर जॅकेटचाही उपयोग नाही. ट्यूबवर पडून राहा, ती तुम्हाला शांत पाण्यात आणून सोडतेच. बाहेर आल्यावर नवऱ्याचा चेहरा असा काही फुलला होता की मी त्याला लग्नातसुद्धा तसा पाहिला नव्हता.

जेवण तिथेच मिळालं. नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, रेकाडो या मसाल्याच्या लाल रंगातलं चिकन, तळलेली केळी आणि टेबलावर मारी शार्प्सची हबनेरो मिरचीची चटणी. त्या चटणीची बाटली घरी नक्की आणा. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच विचारा, कारण त्या भातात कधी कधी डुकराचं मांस घालून शिजवतात.

कपड्यांचं म्हणाल तर पटकन वाळणारी लेगिंग आणि लांब बाह्यांचा टी-शर्ट सगळ्यात उत्तम, डास आणि दगड दोन्हींपासून बचाव. जीन्स नको. पायात पाण्यात घालायचे बंद, टाचेला घट्ट बसणारे बूट हवेतच, चप्पल पहिल्याच धारेत वाहून जाते. चष्म्याला दोरी बांधा. मंगळसूत्र, अंगठ्या, कानातलं सगळं जहाजाच्या खोलीतल्या तिजोरीत ठेवून जा, मी तसंच केलं. फोन वॉटरप्रूफ पिशवीत असला तरी गुहेत फोटो धड येत नाहीत. पैसे म्हणाल तर दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर हा दर पक्का आहे आणि अमेरिकन नोटा सर्रास चालतात, फक्त भाव ऐकल्यावर 'कुठले डॉलर?' हे विचारायला विसरू नका. सुट्ट्या नोटा ठेवा, गाईडला मनापासून टिप द्या.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत राहणाऱ्यांनी क्रूझ बुक करण्याआधी व्हिसाचा शिक्का तपासावा. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (जोडीदाराच्या किंवा मुलांच्या) व्हिसावर असाल आणि शिक्क्याची मुदत संपली असेल, तर फक्त मेक्सिको-कॅनडाला तीस दिवसांच्या आत जाऊन परत येण्याची जी सवलत मिळते ती बेलीझ किंवा होंडुरासला लागू नाही. जहाज त्याच अमेरिकन बंदरात परत येतंय म्हणून काही फरक पडत नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांच्या व्हिसावरही अनेक वेळा प्रवेशाची मुभा आहे ना ते बघा. प्रत्येक बंदरासाठी काय लागतं हे क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या.

जून ते नोव्हेंबर पावसाचा काळ, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर टाळलेला बरा. फेब्रुवारी ते मे नदी संथ आणि पाणी नितळ असतं, न पोहणाऱ्यांना हेच महिने सांगेन. नदी बंद ठेवली तर पैसे परत मिळतात की बदली सहल देतात हे बुक करतानाच विचारून ठेवा. बदली म्हणून आल्तुन हाचं माया मंदिर मिळत असेल तर खुशाल जा, ते शहराच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी महामार्गावर २९व्या मैलाला बेलीझ प्राणिसंग्रहालय आहे. १९८३मध्ये शॅरन माटोला यांनी एका माहितीपटासाठी आणलेल्या प्राण्यांना ठेवायला ते सुरू केलं. तिथे फक्त याच देशातले प्राणी आहेत, जॅग्वारसुद्धा, आणि वाटा सपाट, सावलीच्या आहेत.