चुकार मासे

समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन काही खात नाही. अंडी घालायला निघालेला असतो. पोट आक्रसत जातं, अंगातल्या चरबीवर उरलेली वाट कापायची आणि वर पोचून, अंडी घालून मरायचं, हा अलास्काच्या नद्यांतल्या पाचही जातींच्या सॅमनचा नेम. आणि ज्याला भूकच नाही अशा माशाला आमिष दाखवायला माणसं रानातल्या लॉजवर जाऊन राहतात. मुलीने खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा मी म्हटलं, एवढ्यात बडोद्यात वर्षभर पापलेट येईल. भूक नसताना मासा गळाला का लागतो, याचं एकच एक उत्तर जाणकारही देत नाहीत. कुणी म्हणतं जुनी सवय, कुणी म्हणतं चिडतो म्हणून. मला चिडणं पटतं. लांबून दमून घरी निघालेल्या माणसाच्या नाकासमोर कुणी झुरमुळ्या नाचवल्या तर तोही चावेल.

अँकरेजहून विमानाने किंग सॅमन नावाच्याच गावी उतरायचं. तिथून पुढे रस्ता नाही, पाण्यावर उतरणारं छोटं विमान. त्यात बसण्याआधी सामान तोलतात आणि मग माणसंही तोलतात. काट्यावरचा आकडा एकजण मोठ्याने सांगतो, दुसरा लिहून घेतो. लाज बिज प्रकार नाही. माझ्या पिशवीत चिंचेचा गोळा, तांदळाचं पीठ, तिखट, हळद आणि आलं-लसूण निघाल्यावर मुलीने डोळे वटारले. जावईबापू दुसरीकडे बघायला लागले.

लॉजवर पोचल्या पोचल्या अस्वलांचा पाठ. पळायचं नाही, झाडीतून जाताना बोलत चालायचं, मासळी उघड्यावर ठेवायची नाही. बाकीची मंडळी गंभीर चेहऱ्याने ऐकत होती. मी बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या काठची. आमच्याकडे २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मगरी सोसायट्यांमध्ये फिरून गेल्या. अस्वल निदान दुरून दिसतं तरी.

प्रत्यक्ष मासेमारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परवाना काढायचा, छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवायची, बर्फासारख्या पाण्यात उभं राहायचं आणि गाइड सांगेल तिथे गळ फेकायचा. रुपेरी कोहो जातीचा सॅमन लागला की दोरी सणसणत जाते, मासा पाण्याबाहेर उसळतो आणि मनगटाची वाट लागते. उथळ पाण्यात सॉकाय जातीचे मासे दिसत होते. समुद्रात चांदीसारखा असलेला हा मासा इथे येईतो कुंकवासारखा लाल होतो, डोकं तेवढं हिरवं. त्यांच्या अंगाची सालं निघत होती, पण तोंड प्रवाहाकडेच.

खरी गंमत संध्याकाळी, मासे साफ करायच्या टेबलाशी. गाइडने सुरी कल्ल्यामागे घातली, कण्याला लागून शेपटीपर्यंत सरळ ओढली, मासा उलटवला, पुन्हा तेच. दोन नारिंगी तुकड्या बाजूला आणि मधला काटा डोक्यासकट प्रवाहात! माझा जीव कळवळला. आम्हा सीकेपींच्या घरात डोकं कुणाच्या ताटात जाणार यावरून पूर्वी रुसवेफुगवे होत. पुढच्या माशाच्या पोटातून गाबोळी निघाली, दोन भरघोस लांबट पिशव्या, दाणे टपोरे, माणकांसारखे. ती त्याने मीठ लावून आमिषाच्या बरणीत भरली. मुलगी माझा हात धरून होती, म्हणून गप्प राहिले.

जेवणानंतर, दहा वाजून गेले तरी बाहेर उजेड होता, तेव्हा तोच गाइड सॅमन घर कसं शोधतो ते सांगत होता. समुद्रात पृथ्वीच्या चुंबकत्वावर दिशा धरतो आणि किनाऱ्याशी आल्यावर आपल्या ओढ्याच्या वासावर. पिल्लू असताना घेतलेला वास इतक्या वर्षांनी ओळखतो. सगळे हळवे झाले. मला आमच्या भरूचची चाकसी आठवली, म्हणजे हिल्सा. तीही पावसाळ्यात समुद्रातून नर्मदेत चढते, फक्त मरत नाही, परत जाते. म्हणजे जायची. वर धरणात पाणी अडलं, खाली गोडं पाणी कमी झालं, आता मुखाजवळ भाडभूतला बंधाराही बांधताहेत. घराचा वास ओळखून काय करायचं, वाटेत दारच लावलं तर?

या घर शोधण्याच्या कौतुकात मी नेहमीच जरा बाजूला पडते. बडोद्याच्या मराठी माणसाला पुण्या-मुंबईचे लोक ‘मूळ गाव कुठलं’ हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत. आमचं मूळ गाव कुलदेवीच्या नावापुरतं. तिथे आमचं घर नाही, जमीन नाही, ओळखणारं कुणी नाही. म्हणून मी विचारलं, सगळेच परत येतात का हो? तो म्हणाला, नाही, थोडे चुकतात, भलत्याच नदीत शिरतात. अलास्काच्याच आग्नेयेला ग्लेशियर बे आहे. १७५०च्या सुमारास ती सगळी खाडी बर्फाने भरलेली होती. बर्फ मागे सरकत गेलं, जमीन उघडी पडली, नवे ओढे वाहू लागले. त्यांचा वास ओळखणारा एकही मासा जगात नव्हता. तरी आज तिथे सॅमन चढतात, ते या चुकलेल्यांच्या जोरावर. मी मनात हिशेब केला. त्याच्या थोडंच आधी, १७३४ मध्ये, बडोदे गायकवाडांच्या हातात पक्कं आलं आणि त्यांच्यामागून शिलेदार, भटजी आणि आमचे लेखणीवाले आले. दांडिया बाजारात त्यांची अंडी उबली. मुलगी तर आणखी पुढे, सिअ‍ॅटलला जाऊन शिरली.

दुसऱ्या संध्याकाळी मी स्वयंपाक्याकडे एक शेगडी मागितली आणि गाइडकडे दोन डोकी. चिंच, हळद, आलं-लसूण-मिरची, फोडणीत फक्त लसूण. सॅमनचं स्वतःचं तेल इतकं सुटतं की आमच्या हिशेबाचं तेल घातलं तर कालवणावर तवंग येतो. ते निम्मं करावं. गाइडने आधी भुवया उंचावल्या, मग पाव बुडवून तीनदा घेतलं आणि गालाजवळचं मांस काट्याने न काढता बोटांनी काढायला शिकला. गाबोळी मात्र तिसऱ्या दिवशीही बरणीतच गेली.